क्लचवरचा पाय

मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय करायचं असतं? नातेवाइकांना विचारलं तर ते म्हणतात, "चालता आलं पाहिजे हो, बाकी काही नको." डॉक्टरही साधारण तेच म्हणतात. त्या माणसालाच विचारलं तर उत्तर भलतंच येतं. म्हसवडच्या एका गृहस्थांना सिद्धनाथाच्या रथाच्या दोराला हात लावायचा होता. साताऱ्याच्या एका आजोबांना स्वतःच्या हातानं दाढी करायची होती, कारण मुलगा करून द्यायचा ती त्यांना सरकारी कामासारखी वाटायची. एका बाईंनी तर मला जवळ बोलावून कानात सांगितलं होतं, "एवढं मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचवा. पुढचं मी तोंडानं बघते."

मी फिजिओथेरपिस्ट. मिरजेत शिकले, सांगलीत एका हॉस्पिटलात नोकरी केली, मग साताऱ्यात स्वतःचं लहानसं केंद्र चालवलं आणि अलीकडेच ते एका विद्यार्थिनीच्या हाती सोपवून मोकळी झाले. आमच्या कामाला मराठीत भौतिकोपचार म्हणतात, पण तो शब्द मी पाटीवर सोडून कुठं ऐकलेला नाही. पेशंट आम्हाला ‘व्यायामवाल्या बाई’ म्हणतात. काही जण ‘मालिशवाल्या’ म्हणतात. मालिश आम्ही करत नाही हे सांगून सांगून मी थकले आणि मग सांगणंच सोडून दिलं.

लकव्याच्या पेशंटच्या बाबतीत आमचं काम म्हणजे शरीर जे विसरलंय ते त्याला परत शिकवणं. लकव्यात हात मोडलेला नसतो, पाय तुटलेला नसतो. मेंदूतला जो भाग त्यांना हुकूम सोडायचा, तो बंद पडलेला असतो. मग शेजारच्या भागाला ते काम शिकवायचं. त्यासाठी तीच एक हालचाल पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही, करून घ्यावी लागते. इतका कंटाळा माणूस सोसतो तो काहीतरी मनापासून हवं असेल तरच. म्हणून आमच्याकडं उपचाराची सुरुवात ध्येयापासून होते. कॉलेजात शिकवलं होतं की ध्येय मोजता येण्याजोगं आणि गाठता येण्याजोगं असावं. पेशंटना हे कुणी शिकवलेलं नसतं. ते वाटेल ते मागतात.

वाटेल ते मागण्यातही काही अर्थ असतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते सांगलीत, आक्कांमुळं. आक्का कृष्णाकाठच्या एका गावातल्या जैन शेतकरी कुटुंबातल्या. घरची हळद, द्राक्षं, माणसांचा मोठा बारदाना आणि त्या सगळ्यावर आक्कांची नजर. उजवा हात लकव्यानं गेलेला. मी नवीन होते, उत्साही होते. त्यांचं ध्येय मी आधीच ठरवून टाकलं होतं: चमच्यानं स्वतः जेवणं.

"चमचा घेऊन मी काय करू?" आक्का म्हणाल्या. "सून भरवती की. मला महाराजांना आहार द्यायचा हाय. चातुर्मासाला आमच्या गावात येणार हायत."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत घेऊन जेवतात. घरातली माणसं त्या ओंजळीत घास ठेवतात, पाणी ओततात. नियम फार कडक. काही दोष घडला तर महाराज आहार तिथंच थांबवतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. म्हणजे आक्कांचा हात चुकला तर एक माणूस दिवसभर तहानलेला राहणार. हे ऐकून त्यांच्या सुनेला, सुमतीला, घामच फुटला.

"आत्ती, सांडलं तर काय करायचं?" ती म्हणाली. "गाव काय म्हणंल?"

मी सुनेच्या बाजूची. मी म्हटलं, "आक्का, यंदा चमचा जमवू. महाराजांचं पुढच्या वर्षी बघू."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "पुढच्या वर्षी मी असतीय म्हणून तू सांगतीस काय?"

यावर कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर ओंजळ धरून उभी राहायला लागले आणि त्या लहान तांब्यातून माझ्या ओंजळीत पाणी ओतायला लागल्या. ओंजळीत कमी आणि माझ्या पायांवर जास्त. चपला बाहेर काढून ठेवायची सवय मला तेव्हाच लागली. हात सुधारला, पण पाण्याच्या बाबतीत भरवशाचा झाला नाही. ते आधी आक्कांच्याच लक्षात आलं. एक दिवस त्यांनी तांब्या बाजूला सारला आणि म्हणाल्या, "पाण्याचं सुमती बघंल. मी घास देते. घास सांडत न्हाई."

तसंच झालं. सुमतीनं खालून कोपराला आधार दिला, डाव्या हाताचा आधार आक्कांनी स्वतः घेतला आणि एक घास ओंजळीत नीट ठेवला गेला. मी तिथं नव्हते, हे सुमतीनं येऊन सांगितलं. महाराजांनी ओंजळ जरा खाली घेतली होती म्हणे. त्यानंतर आक्का चमच्यानंही जेवायला लागल्या. मी ठरवलेलं ध्येय वाटेतच कुठंतरी आपोआप गाठलं गेलं होतं, त्याचं कौतुक मात्र कुणाला नव्हतं.

तेव्हापासून मी नव्या पेशंटला पहिला प्रश्न विचारायला लागले, "तुम्हाला काय करायचंय?" आलेल्या उत्तराला हसायचं नाही, हेही ठरवलं. पुष्कळ वर्षं हे धोरण छान चाललं. मग हणमंतराव आले.

हणमंतराव वाईजवळच्या गावचे, पन्नाशीला टेकलेले. पाचगणीच्या एका शाळेची बस चालवायचे. सकाळी वाईतून मुलं आणि शिक्षक घ्यायचे, पसरणीचा घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे ते सांगायचे आणि त्यांच्या पत्नी शालनताईही सांगायच्या. मुलं त्यांना मामा म्हणायची. एक दिवस सकाळी ड्युटीला निघायच्या आधी, न्हाणीतच त्यांची डावी बाजू गेली. शालनताईंचं पहिलं वाक्य मला आठवतं, "घाटात न्हाई झालं, ही देवाची किरपा."

हॉस्पिटलातून सोडताना मोठ्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं होतं, "ड्रायव्हिंग विसरा आता." डॉक्टर चुकीचं काही बोलले नव्हते. पण ते ऐकून घरी गेल्यावर हणमंतरावांनी भिंतीकडं तोंड केलं ते वळवेचनात. माझ्याकडं त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"गाडी," ते म्हणाले. "बस चालवता यील का न्हाई, तेवढं सांगा. न्हाई म्हनत असाल तर शालन, उचल मला. जाऊ घरी."

शालनताईंनी मला दारापाशी बोलावलं. "म्याडम, पाया पडते, न्हाई म्हनू नका. एकदा खरं आयकून काय झालंय बघताय न्हवं."

पहिल्या काही महिन्यांत शरीर किती परत देईल हे खरोखरच कुणाला सांगता येत नाही. म्हणून जे खरं होतं तेच मी बोलले. "हणमंतराव, मी आज हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. क्लच दाबायला डावा पाय लागतो. तो आत्ता उचलत नाही. आधी तो उचलू, मग बोलू."

त्यांनी जरा विचार केला. "व्हय," म्हणाले. "पयला क्लच."

त्यानंतर जे सुरू झालं तसं माझ्या केंद्रात आधी कधी झालं नव्हतं. शालनताईंच्या भावानं भंगारवाल्याकडून एक जुना क्लचचा पेडल आणला आणि स्प्रिंग लावून लाकडी फळीवर बसवून दिला. गिअरसाठी एक दांडा. हणमंतराव खुर्चीवर बसून तासन्‌तास क्लच दाबायचे, दांडा ओढायचे आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे. गिअर नीट पडला नाही तर तो करकरल्याचा आवाजही प्रामाणिकपणे काढायचे. बाकीचे पेशंट आधी हसले, मग सामील झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी आत आल्या की ओरडायच्या, "मामा, पाचगणी एक!"

पाय उचलायला लागला. मग ते उभे राहिले, काठीनं चालले. पुढं काठी घरी विसरून यायला लागले. आमच्या धंद्यात काठी विसरणं ही फार मोठी बातमी असते. हातही बोटांपर्यंत बराचसा परत आला. मोठ्या डॉक्टरांनी तपासून पाठ थोपटली. मी खूश होते आणि तेवढ्यात मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं.

हणमंतराव दाढी करून यायचे ती अर्धी. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर खुंट तसेच. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. शालनताई म्हणाल्या, "ताटात डाव्या अंगाला भाजी वाढली तर तशीच ठेवत्यात, आन वर म्हनत्यात, आज भाजी केली न्हाईस व्हय?"

लकव्यात कधी कधी असं होतं. डोळ्यांत दोष नसतो. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली तर माणूस पास होतो. पण मेंदूला डावी बाजू म्हणून काही आहे याचीच आठवण राहत नाही. वाईट भाग असा की हे त्या माणसाला समजत नाही. पाय उचलत नाही हे त्याला दिसतं. जे दिसलंच नाही, ते दिसलं नाही हे कसं दिसणार?

आम्ही त्यावरही काम केलं. डाव्या मनगटाला लाल फीत बांधली. मधूनमधून ती शोधायची, ती दिसेपर्यंत मान वळवायची. ताट फिरवून घ्यायचं. शांत खोलीत ते चांगलं करायचे. पण दमले, की डावी बाजू परत पुसली जायची. गडबड-गोंधळातही तेच. बाहेरच्या रस्त्यावर नेलं की डावीकडून येणारी माणसं त्यांच्या अंगावर आदळायची आणि ते त्या माणसांवर चिडायचे. तेव्हा मला समजलं. क्लच येईल, बस येणार नाही.

मग सांगायचं कधी? मला हे लिहिताना सोपं उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं. हणमंतराव दर आठवड्याला आदल्या आठवड्यापेक्षा बरे चालत होते आणि ते सगळं त्या बसच्या जोरावर. बस काढून घेतली तर उरतं काय, हे घरच्या त्या भिंतीवरून मला कळलेलं होतं. दुसरीकडं तो माणूस एक दिवस खरंच स्टिअरिंगवर जाऊन बसेल आणि मागं शाळेची मुलं असतील, हेही मला दिसत होतं. मी खोटं बोलले नाही. डावीकडचं मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते हसण्यावारी न्यायचे.

"म्याडम, घाट मला पाठ हाय. डोळं झाकून चालवीन."

"त्याचीच भीती वाटते," मी म्हणायचे, आणि आम्ही दोघंही हसायचो. मी जरा कमी.

दिवाळीची सुट्टी संपत आली. एक दिवस हणमंतराव खाकी कपड्यांत आले. कडक इस्त्री केलेली. डाव्या बाजूची कॉलर आत दुमडलेली राहिली होती.

"शाळा म्हनती, तुमच्या बाई बरं हाय म्हनल्या की गाडी घ्या. सायबास्नी फोन करा."

"मी तसं म्हणू शकत नाही, हणमंतराव."

"का?"

"डावीकडचं तुम्हाला दिसत नाही म्हणून."

"आवं, दिसतंय की! तुमी दिसताय, ती खिडकी दिसती, सगळं दिसतंय!" खिडकी त्यांच्या उजवीकडं होती.

मी त्या खिडकीकडं बघितलं. त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. आवाज चढला. "मग येवढं दिस क्लच कशाला दाबून घेतला माझ्याकडनं? पोराला गोळी दावून शाळंत नेत्यात, तसं?"

"तुम्ही क्लच दाबलात म्हणून आज स्वतःच्या पायांनी चालत आलात," मी म्हणाले. हे खरं होतं. पण बोलताना मलाच ते वकिली वाटलं.

"चालायचं हुतं कुनाला?" ते म्हणाले.

इतका वेळ शालनताई कोपऱ्यात गप्प होत्या. ज्यांनी मला नाही म्हणू नका म्हणून विनवलं होतं, त्याच आता बोलल्या. "आवं, परवा बाजारात त्या बाईच्या पाटीत पाय दिलासा. सगळी मेथी तुडावली. ती डाव्या अंगाला बसली हुती."

"मधी बसली हुती ती!"

"कडंला बसली हुती. मी संगट हुते न्हवं." मग माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "म्याडम, आता फोड करून सांगा त्यास्नी."

सांगून उपयोग नव्हता. माझा शब्द आता त्यांच्या लेखी गेलेला होता. मी म्हटलं, "माझं ऐकू नका. आपण रविवारी गाडीतून घाट चढू. विकास चालवेल. तुम्ही पुढं बसा आणि चालवताना जे जे बघता ते सगळं मोठ्यानं बोला. वर जाऊन खाली येऊ. मग शाळेला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

"आन पास झालो तर?"

"तर मी स्वतः तुमच्याबरोबर मोठ्या डॉक्टरांकडं येते आणि तुमच्या बाजूनं भांडते."

विकास म्हणजे त्यांच्या जागी घेतलेला ड्रायव्हर. तिशीतला, लाजाळू, हणमंतरावांनाच गुरू मानणारा. शाळेनं रिकामी गाडी न्यायला परवानगी दिली. रविवारी आम्ही वाईतून निघालो. हणमंतराव पुढच्या सीटवर, मी त्यांच्या मागं, शालनताई माझ्या शेजारी.

घाट लागला आणि हणमंतराव बोलायला लागले. इतकं सुंदर मी क्वचित ऐकलंय. "सेकंडला घे. घाई करू नगंस, गाडीला दम खाऊ दे. पुढं वळान हाय, हारन. समोरनं टेम्पो येतोय, भरल्याला हाय, त्याला जागा दे. हितं वल असती, बिरेक नको दाबूस." उजव्या बाजूचा दगड न्‌ दगड त्यांच्या बोलण्यात येत होता. डाव्या बाजूचं काही येत नव्हतं. डावीकडच्या कठड्यावर माकडं बसली होती. एक जोडपं गाडी लावून सेल्फी काढत होतं, त्यातला मुलगा जवळजवळ रस्त्यात आलेला. विकासनं त्याला सांभाळून गाडी काढली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. हणमंतराव पुढच्या वळणाबद्दल बोलत होते.

एका वळणानंतर विकासनं जोरात ब्रेक लावला. आम्ही सगळेच पुढं गेलो.

"का थांबला रं?" हणमंतराव खवळले. "रस्ता मोकळा हाय!"

"मामा," विकास हळूच म्हणाला, "डाव्या अंगाला बघा."

त्यांनी मान वळवली. आम्ही शिकवली होती तशी, पुरती. बसच्या डाव्या दिव्यापाशी एक बाई उभी होती. कडेवर मूल, पुढं चार-दोन शेळ्या. घाबरून जागच्या जागी थिजलेली.

हणमंतराव तिच्याकडं बघत राहिले. बाईनं शेळ्या हाकलल्या, ती पलीकडं गेली, तरी ते त्या रिकाम्या जागेकडं बघत होते.

"ही कुठनं आली?" त्यांनी विचारलं.

मग ते विकासकडं वळले.

"पयल्यापासनं हुती?"

"व्हय मामा. वळान घेतल्यापासनं."

वरपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पाचगणीला गाडी वळवली, तेव्हा खाली उतरलेही नाहीत. उतारावर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मान जोर लावून डावीकडं धरून ठेवायचे. डावीकडं बघायला लागले की बोलणं थांबायचं आणि बोलायला लागले की मान आपोआप उजवीकडं यायची. मानेवरच्या शिरा ताणलेल्या मला मागून दिसत होत्या. शालनताईंनी पदर तोंडाला लावला होता.

वाईत गाडी थांबली. ते सावकाश उतरले, डावा पाय नीट टेकवून. मग म्हणाले, "म्याडम, असल्या मानसाच्या गाडीत मी माझी पोरं बसवनार न्हाई."

मी आयुष्यात अनेक पेशंटना ‘नाही’ म्हटलंय, पण इतकं स्वच्छ ‘नाही’ मला कधीच जमलं नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर छान वाटलं असतं. पण हणमंतराव माझ्याकडं यायचे बंद झाले. व्यायाम सोडला, फिरायला जाणं सोडलं. मी घरी गेले तर ते झोपल्याचं सोंग करायचे. पाय परत जड व्हायला लागला होता, ते त्यांनी कूस बदलली की मला उंबऱ्यातूनच दिसायचं. त्या दिवसांत मला पुष्कळदा वाटलं की बस राहू द्यायला हवी होती त्यांच्या डोक्यात, आणखी सहा महिने, वर्षभर. शाळेला मी परस्पर ‘नको’ कळवलं असतं, ते वाट बघत बसले असते आणि पाय तरी चालता राहिला असता.

शालनताईंनी मला दारातूनच परत पाठवलं. "थोडं दिस येऊ नका म्याडम. त्यांचं त्यास्नी गाडीतनं उतरू द्या."

त्यांना उतरवलं ते विकासनं, आणि तेही नकळत. तो एक दिवस तक्रार घेऊन घरी आला. घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतोय, मेकॅनिक म्हणतो सगळं ठीक आहे. हणमंतराव भिंतीकडं तोंड करूनच ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "कितव्या गिअरमधी उतरतोस?"

"थर्डमधी, मामा. कवाकवा टापला."

हणमंतराव उठून बसले. त्यांनी विकासला ज्या शिव्या दिल्या त्या शालनताईंनी मला सांगितल्या नाहीत, फक्त लय हुत्या एवढं म्हणाल्या. घाट ज्या गिअरनं चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, गाडी इंजिनानं धरायची, ब्रेकवर लटकायचं नाही, हे सांगताना त्यांचा डावा पाय पलंगावरून खाली येऊन टेकला होता. दुसऱ्या दिवशी ते सकाळी विकासबरोबर गाडी बघायला गेले. मग रोजच जायला लागले. पुढं शाळेनं त्यांना निघण्याआधी गाड्या तपासायचं काम दिलं. टायर, दिवे, ब्रेक, तेलाची गळती.

मी जाऊन बघितलं. ते प्रत्येक गाडीभोवती एकाच बाजूनं फेरी घालायचे.

"असं का?" मी विचारलं.

"गाडी उजव्या हाताला ठिवायची, म्याडम. परदक्षना घालतो तशी. मग कायबी सुटत न्हाई." त्यांनी डाव्या मनगटावरची लाल फीत दाखवली. "ही हाय, पन तिच्यावर भरवसा न्हाई ठिवत."

हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. नंतर मी ते दुसऱ्या पेशंटना शिकवलं.

"समाधान आहे ना आता?" मी विचारून बसले. आम्हा लोकांना शेवट गोड करायची खोड असते.

"न्हाई," ते म्हणाले. "पन काम हाय."

अलीकडं मी त्या शाळेत शिक्षकांना पाठदुखीबद्दल चार गोष्टी सांगायला गेले होते. निघताना गेटपाशी उभी होते. शाळा सुटलेली, वाईची मुलं दप्तरं घेऊन रांगेत, आणि गाडीचा पत्ता नाही. विकासच्या मुलीला ताप आला होता, त्याला यायला उशीर होणार होता. पर्यवेक्षक सर घाईत होते. त्यांनी हणमंतरावांच्या हातात किल्ली ठेवली.

"मामा, विकास पोचेपर्यंत गाडी तेवढी शेडपासून गेटला आणून लावा. मुलं बसून तरी राहतील. हे काय, समोर तर आहे."

शेड खरंच समोर होती. सपाट आवार, एकही वाहन नाही, वाटेत माणूस नाही. हणमंतरावांनी किल्लीकडं बघितलं, मग शेडकडं. मीही बघितलं. खरं सांगते, मला वाटलं, घेऊ दे. इतक्या कष्टांनंतर एवढा तरी रस्ता या माणसाला मिळायला हवा. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं असतं, तर मी मान हलवली असती.

त्यांनी विचारलं नाही. किल्ली सरांच्या हातात परत दिली. "पोरास्नीच शेडकडं पाठवा, सर. येत्याल चालत."

मुलं चालत कुठली येणार, धावतच सुटली. सर जरा नाराज होऊन आत गेले. मी हणमंतरावांबरोबर शेडपर्यंत चालत गेले आणि न राहवून म्हटलं, "तेवढं जमलं असतं की हो तुम्हाला."

"जमलं असतं, म्याडम," ते म्हणाले. "म्हनून तर न्हाई घेतली. आज गेटपातूर जमलं असतं, उद्या मला पसरनीपातूर जमतंय वाटलं असतं. माझं मन मला म्हाईत हाय."

मग ते गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. ढकलाढकली करणाऱ्या दोन पोरांना त्यांनी मागं घेतलं, एका लहान मुलीचं दप्तर वर चढवून दिलं आणि शेवटचं मूल आत बसेपर्यंत खालीच थांबले.